मधल्या जागेवरची रांदी

मी या भिंतीवरचा हार बोलतोय. फुलांचा नाही हो, केसांचा! लोक काचेला नाक लावून "किती नाजूक!" म्हणतात आणि खालची चिठ्ठी वाचली की "ई, माणसाचे केस?" करत मागे सरतात. त्याची सवय झालीये मला. पण गेल्या रविवारी जे घडलं, त्याने मी अजून हादरलेलाच आहे.

मला गुंफलं गुरोने. नवऱ्याबरोबर, आस्लाकबरोबर, ती नॉर्वेहून कॅनडातल्या या माळावर आली, तेव्हा इथे गाव नव्हतं की झाड नव्हतं. गवतासकट मातीची ढेकळं रचून त्यांनी घर उभं केलं. हिवाळ्यात बर्फाने दार उघडेना झालं, की गुरो चुलीपाशी बसून घरच्यांचे केस तारेवर वळायची, त्यांची फुलं करायची. रीत अशी, की जिवंत माणसांची फुलं कडेला, आणि जो नुकताच गेला त्याचं मधोमध.

पुढे त्यांची मुलगी रांदी रेल्वेचे रूळ टाकायला आलेल्या एका आयरिश पोराबरोबर पळून गेली. तो कॅथलिक, आणि आस्लाक कट्टर लूथरन, म्हणजे प्रोटेस्टंट; या दोन पंथांचं हाडवैर! त्याने चर्चमध्ये सांगून टाकलं, की पोरगी मावशीकडे गेली होती, तिथेच तापाने गेली. घरी येऊन बायकोला म्हणाला, "तिला मधे घाल."

"अहो, पोर जिवंत आहे आपली!"

"आपल्याला मेली ती. घाल म्हणतो ना!"

मला तोंड असतं तर तेव्हाच बोंब ठोकली असती. जित्या पोरीला मेलेल्यांच्या जागी? गुरोने रांदीच्या फणीतले सोनेरी केस काढले. त्यांचं फूल वळलं. मग तिने आपलीच वेणी सोडली, पांढरी झालेली एक बट कापली आणि रांदीच्या पाकळ्यांच्या आत घट्ट वळून बसवली. स्वतः धडधाकट असताना! आस्लाकने कधी निरखून पाहिलंच नाही. तो वारला, तर गुरोने त्याचं फूल कडेला लावलं. मधल्या जागेला हात लावला नाही.

गुरोही गेली. गावच्या जुन्या शाळेत पहिल्या वसाहतकऱ्यांचं वस्तुसंग्रहालय झालं, तेव्हा तिच्या नातीने, सिग्नेने, मला इथे आणून टांगलं. दर रविवारी ती कॉफीची किटली घेऊन बसते आणि आल्यागेल्याला जुन्या गोष्टी सांगते.

गेल्या रविवारी काठी टेकत एक म्हातारी आली. सिग्ने सुरू झाली, "आणि ही मधली माझी रांदी आत्या. बिचारी ऐन तारुण्यात तापाने गेली."

म्हातारीने काठी आपटली. "कोण गेली? अगं शहाणे, मी समोर उभी आहे की! मीच रांदी."

सिग्नेच्या हातातला कप खाली पडला. "अहो, पण चर्चच्या आवारात तुमच्या नावाचा दगड आहे! आम्ही फुलं ठेवतो तिथे!"

"दगडसुद्धा?" रांदी मटकन खुर्चीत बसली. "बाबांचं एक वेळ समजू शकते. पण हे फूल तर आईच्या हातचं. तिने कधी माझं नाव काढलं का, एवढंच विचारायला आले होते गं मी. मिळालं उत्तर. तिनेही मला मारूनच टाकलं." ती उठली आणि दाराकडे वळली.

माझा जीव नुसता वरखाली! अगं, आत बघ, पाकळीच्या आत बघ! पण हाराचं ऐकतो कोण?

"आत्या, थांबा!" सिग्नेने घाईघाईने काच उघडली. "हे आधी काढते मधून. जिवंत माणसाचं काय काम इथे?" फूल उजेडात धरलं आणि ती थबकली. "अगंबाई! तुमच्या सोनेरी केसांत हे पांढरे कुठले?"

रांदीने चष्मा चढवला. फूल डोळ्यांजवळ धरलं. "तेव्हा घरात पिकलेले केस एकट्या आईचे. बाबांना तर टक्कल होतं." हसताहसताच तिला रडू फुटलं. "मेली नसताना जाऊन बसली गं माझ्याजवळ!"

सिग्नेही डोळे पुसत होती. "आत्या, मग आता कडेला लावू ना तुला? जिवंतांत?"

"नको. होतं तिथेच लाव. आईला एकटीला टाकून मी पुन्हा कुठे जाऊ?"

तेव्हा मंडळी, इथे आलात तर मधलं फूल बघून हळहळू नका. तिथे आल्या तेव्हा दोघीही जिवंत होत्या.