डाव्या वायरीवरचा आळ

मी डावी वायर बोलतेय. स्पीकरची. या घरात महिनाभर जिच्या नावानं खडे फोडले गेले, तीच मी. माझी जुळी बहीण उजवीकडे असते. ती मुळातच शांत. मला मात्र जन्मापासून स्वस्थ बसवत नाही.

दोघी एकाच रिळावरून उतरलो आणि दुकानात सहा महिने खुंटीला लटकलो. लोक यायचे, चाचपायचे, "बघतो" म्हणायचे आणि जायचे. कुणीतरी घेऊन जा रे, कुठंतरी जोडा, असं मी मनात ओरडत असे.

मग मिस्तरी आले. बसडेपोत तीस वर्षं इंजिनं दुरुस्त करणारा माणूस, नखांत कायमचं ग्रीस. त्यांनी मला वाकवून पाहिलं, टोक सोलून आतलं तांबं उजेडात धरलं.

"डाव्या बाजूचा आवाज पार मेलाय हो," ते दुकानदाराला म्हणाले. "बारीक आवाज तर ऐकूच येत नाहीत."

"मग वायरच बदला. पण घाई नको हं! नवी वायर लगेच खुलत नाही. दोनशे तास वाजवून मुरू द्या, मग बोला. नाहीच पटली, तर महिन्याच्या आत परत आणा."

मिस्तरींनी दोघींना तीन-तीन मीटर कापून घेतलं. डावा स्पीकर अॅम्प्लिफायरपासून हातभर अंतरावर होता, पण वायरी सारख्याच लांबीच्या हव्यात, हा हट्ट. तेव्हापासून माझं जास्तीचं वेटोळं कपाटामागे धूळ खात पडलंय.

सकाळी कामावर जाताना मिस्तरी गाणी लावून जात आणि संध्याकाळी कॅलेंडरवर आमचे तास मांडत. दिवसभर आम्हाला सोसायचं ते त्यांच्या बायकोनं. ती घरीच शिवणकाम करते.

"मशीनचा आवाज मला ऐकू येईना झालाय," ती म्हणाली. "घर माझं आहे की वायरींचं?"

"अगं, मुरतायत."

"मुरू देत. मी पण मुरतेच आहे तीस वर्षं."

दोनशे तास झाले. मिस्तरी खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि तोंड वाकडं केलं. "डावी अजून दबलेलीच आहे."

मी जीव तोडून वाजत होते! आलेला सूर न् सूर जसाच्या तसा पोचवत होते. पण माझं ऐकतो कोण? त्यांनी मला उजवीकडे लावलं आणि बहिणीला डावीकडे. लगेच बहीण दबकी ठरली. मला हसू आलं, खोटं कशाला सांगू? मग स्पीकरांची अदलाबदल झाली, अॅम्प्लिफायरच्या मागची टोकं फिरली. तरीही डावी बाजू दबलेलीच. शेवटी डावीकडच्या खिडकीच्या पडद्यावर आळ आला. तोच म्हणे आवाज गिळतो. मला परत डावीकडे लावलं आणि आम्हाला दुकानात परत न्यायला डबा माळ्यावरून खाली काढला.

हे सगळं आज दुपारपर्यंतचं. आज रविवार. मिस्तरी सकाळी डेपोत अर्धा दिवस जाऊन आले आणि जेवताना हसत म्हणाले, "पाचच्या गाडीचा ड्रायव्हर भित्रा आहे. पुढचं चाक गुणगुणतं म्हणे. मी जॅकवर चाक फिरवलं, स्क्रूड्रायव्हर टेकवून कान लावला. काहीसुद्धा नाही. भास होतात लेकाला."

"घाटातून जाते ना ती?"

"रोज जाते."

जेवण झाल्यावर ते पुन्हा खुर्चीत बसले. पुन्हा तेच रडगाणं. बायको हातातलं शिवण ठेवून उठली.

"माझ्या मशीनचा धागा तुटला, की मी सुई बघते, बॉबिन बघते आणि शेवटी माझा हात बघते," ती म्हणाली. "तुम्ही सगळं फिरवलंत. आता स्वतः फिरा. उलटे बसा."

"वेडी आहेस का?"

"बसा हो."

तिनंच खुर्ची फिरवली. मिस्तरी स्पीकरांकडे पाठ करून बसले. गाणं सुरू झालं. खिडकीकडून, म्हणजे माझ्याकडून, आता त्यांच्या उजव्या कानाला बारीक घुंगरांपर्यंत सगळं लख्ख ऐकू येऊ लागलं. उजवीकडे गुणी ठरलेली माझी बहीण एकदम दबकी झाली. दोष खोलीत राहिला नव्हता, मिस्तरींबरोबर फिरला होता.

 डाव्या कानाशी त्यांनी बोटं चोळून पाहिली. इंजिनाला ते डावा कान लावतात, उजवा हात पान्यासाठी मोकळा हवा म्हणून.

मग झटक्यात उठले. "छे, वायरच भिकार आहे," म्हणत मला उपसून काढलं आणि डब्यात कोंबायला लागले. मला त्यांचा इतका राग आला, की तोंड असतं तर किंचाळले असते. भरा मला डब्यात, पण ती गाडी? चाळीस माणसं बसतील तिच्यात!

त्यांचा हात अर्ध्यावर थांबला.  बायकोला कळलं होतं. कान गेला म्हटलं, की डेपोतला त्यांचा मान गेला, कदाचित कामही गेलं.

"किती वाजले?"

"साडेचार."

मला मुठीत तसंच धरून त्यांनी फोन लावला.

"मी बोलतोय. पाचची गाडी सोडू नका... हो, मीच पास केली. चुकलं माझं. मला डाव्या कानानं नीट ऐकू येत नाही. नाही रे बाबा, थट्टा नाही करत! दुसऱ्या कुणाला तरी चाक ऐकायला सांग. मी थांबतो फोनवर."

वाट बघण्यात किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. त्यांच्या मुठीला घाम फुटला होता. मग ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?" बायकोनं विचारलं. ती त्यांच्या डावीकडे उभी होती. त्यांनी मान वळवली नाही. ती वळसा घालून उजवीकडे आली आणि पुन्हा विचारलं.

"बेअरिंग गेलंय," मिस्तरी म्हणाले. "दुसरी गाडी काढतायत."

तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्यावरचा आळ गेला, पण आनंद कसला तो होईना. मी अजून त्यांच्या मुठीत आहे, दोन्ही टोकं उघडी. मिस्तरी, आता मला जोडा ना. खुर्ची हवी तशी फिरवून बसा. तुम्हाला अर्धंच ऐकू आलं तरी मी पूर्ण वाजेन.