रेघेच्या वरची जागा

"माय, या रेघेच्या वर पाणी नको भरू. जागा मोकळी दिसन, पण ते मोकळी नाही. लाइट गेली का वरचं पाणी खाली येते. त्याची जागा हाय ते."

अनुप हे सांगत होता तेव्हा जमिनीवर उकिडवा बसला होता. तोंडावर सूज, हातात बायकोची, पिंकीची, नखं रंगवायची बाटली. त्या लाल रंगानं त्यानं खालच्या काचेच्या पेटीवर रेघ ओढली. वर लाकडी घडवंचीवर त्याचा खाऱ्या पाण्याचा टँक, खाली ही पेटी, पेटीत मोटर. मोटर पाणी वर चढवायची, जास्तीचं दुसऱ्या नळीनं परत खाली यायचं. मग तो स्टुलावर चढला, मध्येच दम खाल्ला, आणि मोटरीतून वर येणाऱ्या नळीला पाडलेलं एक बारीक भोक दाखवलं. पाण्याच्या जरासंच खाली होतं ते. लाइट गेली की ही नळी उलटी वाहते, टँकचं पाणी खाली ओढते. पाणी भोकाखाली उतरलं की हवा शिरते आणि ओढणं थांबतं. भोक बुजलं तर थांबत नाही. "रोज एक डाव पाह्यत जाय. मी येईपर्यंत," तो म्हणाला होता, आणि त्याच्या आईनं, चतुराबाईनं, हो म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी पिंकी त्याला घेऊन अमरावतीच्या दवाखान्यात गेली. त्याच्या किडन्या थकल्या होत्या. अकोल्याच्या जठारपेठेतल्या वरच्या मजल्यावर उरली एकटी चतुराबाई आणि ते मासे. नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली एक जोडी, आणि हळदीत बुडवून काढावा तसा एक पिवळा.

चतुराबाई सकाळ-संध्याकाळ वंदना घेणारी, पाचही शीलं रोज नव्यानं म्हणणारी बाई. बुद्धापुढे हात जोडायचे, मागायचं काही नाही, हे तिच्या सासऱ्यानं दीक्षा घेतली तेव्हापासून त्या घरात ठरलेलं. नवसाचं तर नावच नाही. तरी तिच्या मनानं चोरून एक गाठ मारली होती. मासे तगले तर पोरगं तगेल. ही गाठ तिनं कोणाला सांगितली नव्हती, आणि रोज वंदनेला बसली की तिचीच तिला लाज वाटायची.

मे महिन्यातलं ते ऊन. पंख्याखाली बसलं तरी अंगातून धार लागायची. टँकमधलंही पाणी उडून जायचं. तेवढं फिल्टरचं गोडं पाणी रोज पेटीत घालायचं, रेघेपर्यंत.

त्या दिवशी सकाळी पुष्कळ दिवसांनी नळ आला. नळ आला की अकोल्यातली बाई काय करते ते अकोल्यातल्या बाईलाच ठाऊक. गुंड भरले, पिंप भरला, पातेली, कढया, पूजेचा तांब्यासुद्धा काठोकाठ. फिल्टर सुरूच होता. शेवटी बादलीही भरली आणि पुढचं पाणी धरायला घरात भांडं उरलं नाही. चतुराबाईनं जन्मात पाणी मोरीत ओतलं नव्हतं. उद्या घालायचंच आहे, आज घातलं म्हणून काय होतं, असं म्हणून तिनं ती बादली पेटीत रिकामी केली. लाल रेघ पाण्याखाली गेली. काठापर्यंत भरलेली पेटी बघून तिला बरंच वाटलं.

दुपारी लाइट गेली. पंखा थांबला, मोटरीची घरघर थांबली. चतुराबाई आतल्या खोलीत बुद्धमूर्तीपुढे डोळे मिटून बसली होती. थोड्या वेळानं पाण्याचा आवाज आला, आणि तिला वाटलं, पुन्हा नळ आला वाटते. ती खुशीनंच उठली. बाहेरच्या खोलीत पाऊल टाकलं तर पाय पाण्यात.

पेटीच्या चारी काठांवरून पाणी ओसंडत होतं. वर टँकमधलं पाणी डोळ्यांदेखत उतरत होतं. तिनं पातेलं घेतलं, भरलेलं. ते मोरीत ओतलं, आणि पेटीतलं पाणी काढू लागली. एक पातेलं काढावं तोवर दोन खाली यायची. गोधडी टाकली, चादर टाकली, शेवटी अंगावरच्या लुगड्याचा पदर पिळू लागली. खडकांची टोकं पाण्याबाहेर आली होती. "थांब रे," ती पुटपुटत होती, "थांब रे बाबा." कोणाला म्हणत होती, तिचं तिला कळत नव्हतं.

खालून हमिदा धावत वर आली. तिचा नवरा शफीक गाद्या-रजया भरणारा. खालच्या खोलीत त्यांचा कापूस असायचा.

"मावशी, आमच्या नळाले पाणी नाही आन् छतातून समुद्र येऊन राह्यला," ती म्हणाली. मग चतुराबाईचं तोंड बघून तिचा टोमणा तिथंच विरला. दारामागची मेन स्विच आधी खाली ओढली. लाइट आली असती तर ओल्या फरशीवर दोघी गेल्या असत्या. मग खाली जाऊन भिजायला लागलेल्या कापसाचं पोतंच घेऊन आली आणि फरशीवर पसरलं. कापूस पाणी पीत गेला. पण वरून येणारं थांबेना.

"कुठून येते हे? बंद काहून नाही होत?"

तेव्हा चतुराबाईला भोक आठवलं.

ती स्टुलावर चढली. भोकात ती बसलेली होती, मुगाच्या दाण्याएवढी गोगलगाय. चार दिवसांपूर्वी चतुराबाईनं तिला तिथं पाहिलं होतं. काडी हातात घेतली होती. टोचलं असतं तर कवच फुटलं असतं, आणि सकाळीच तर तिनं म्हटलं होतं, जीव घेणार नाही. काडी ठेवून दिली. बसली आहे बिचारी, उठेल आपणच, असं म्हणून त्यानंतर भोकाकडे बघितलंच नाही. आता तिच्याभोवती शेवाळ धरलं होतं. हवा जायला फट नव्हती.

चतुराबाईनं दोन्ही हातांनी नळीच धरली आणि वर ओढली. नळीचं तोंड पाण्याबाहेर आलं, घुर्र असा आवाज झाला, आणि खाली पाणी थांबलं.

मग कितीतरी वेळ दोघी कापूस पिळत होत्या. शफीकभाई काय म्हणतील, एवढंच चतुराबाईनं एकदा विचारलं. हमिदा म्हणाली, ते तर म्हणतीनच, त्यांले सवय हाय. फरशी कोरडी झाल्यावर हमिदानं मेन वर केली. लाइट आली होती. अनुपनं खारं पाणी कालवून कॅनांत भरून ठेवलेलं होतं. ते वर ओतलं, गोगलगायीसकट नळी पुन्हा जागेवर बसवली, मोटर सुरू केली, आणि पेटीतलं पाणी रेघेपाशी येईतो चतुराबाई वाकून बघत राहिली. पिवळा कोपऱ्यात उभा होता, कल्ले भराभरा हलत होते. नारंगी जोडीतला मोठा दिसला. धाकटा दिसेना. तिनं खडकामागं बघितलं, पेटीत बघितलं, पिळलेल्या कापसातसुद्धा बोटं घालून बघितलं.

संध्याकाळी पिंकीचा फोन आला. आज त्याले फार त्रास झाला, उलट्या झाल्या, काही विचारलं तर सगळं बरं हाय म्हणा, असं तिनं हळू आवाजात बजावलं आणि फोन त्याच्याकडे दिला.

"रेघ पाह्यली का, माय?"

चतुराबाईला बरं आहे म्हणता आलं असतं. जीभ उचललीसुद्धा. पण खोटं बोलणार नाही हेही तिनं आज सकाळी म्हटलं होतं, त्याच आवाजात.

"रेघेच्या वर भरलं रे मी," ती म्हणाली. "पाणी फेकवलं नाही. भोकही बुजलं होतं. घरभर पाणी झालं. धाकटा दिसून नाही राह्यला."

तो म्हणाला, "भोकात गोगलगाय होती ना? तू काढली नसशीन तिले."

चतुराबाईनं मान वळवून नळीकडे बघितलं.

"काडी नको लावू. ओलं बोट लाव, हळूच सरकव, काचेवर नेऊन ठेव. ते पुन्हा येईन. तू पुन्हा ठेव. रोज, माय."

"रोज," ती म्हणाली. तो आणखी काही म्हणाला असेल, पण फोन पिंकीनं घेतला होता, आणि तिकडं कोणीतरी नर्सला हाका मारत होतं.

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर कोणी उचलेना. खोलीत मोटरीची घरघर होती आणि मिठाचा ओला वास. वंदनेची वेळ टळून गेली होती. चतुराबाईनं मेणबत्ती काढली, हातात धरली, आणि न लावताच मूर्तीपुढे ठेवली.

मग तिनं स्टूल टँकपाशी ओढलं, उजव्या हाताचं बोट पाण्यात बुडवलं, आणि वर चढली.