खाऱ्या पाण्याची टाकी

बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली, तसा सिद्धू जत सोडून सांगलीला आला आणि एका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून चिकटला. तिथं विजयमालाबाई शिकवायच्या. त्यांनी खाऱ्या पाण्याची मोठी टाकी ठेवली होती. रत्नागिरीहून एसटीच्या टपावर कॅन यायचे, त्यातून समुद्राचं पाणी यायचं, मासेही. अकरा माशांची वाढ बाई तीन वर्षं लिहीत होत्या. त्यांची पीएच.डी. त्यावरच होती. सिद्धूनं समुद्र कधी बघितला नव्हता, पण माशांना तो पोटच्या पोरासारखा जपायचा.

शहात्तरच्या माघात बाई आजारी वडिलांकडं खंडाळ्याला गेल्या आणि नेमके त्याच दिवशी चार नवे मासे आले. कॅनमध्ये ते वर येऊन तोंड वासत होते. नव्यांना ठेवायची वेगळी काचपेटी तडकलेली. हातातच मरतील या भीतीनं सिद्धूनं ते मोठ्या टाकीत सोडले.

आठवड्याभरात सगळ्यांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले. मासे दगडाला अंग घासू लागले, मग तळाशी बसून धापा टाकू लागले. बाई परतल्या तोवर तीन मेले होते. त्यांनी एका जिवंत माशाच्या कल्ल्यावरचा बुळबुळीत थर खरवडून मायक्रोस्कोपखाली धरला. स्वतः बघितलं, मग सिद्धूला बघायला लावलं. एक गोल, केसाळ जीव सावकाश गरगरत होता.

"हा कातडीत शिरतो," बाई म्हणाल्या. "तिथून गळून तळाला पडतो, एकाचे शेकडो होतात आणि पुन्हा माशांना धरतात."

त्यांनी तोलूनमापून मोरचूद घातला. पाण्यातले जीव मेले असतील, कातडीतल्यांना त्याचं काहीच झालं नाही. सिद्धू रोज सकाळी जाळीनं मेलेले काढायचा. दोनच उरले तेव्हा त्याला राहवलं नाही.

"बाई, नवं मासं म्याच सोडलं. आमी बाजारातलं मेंढरू पंधरा दिस कळपात घेत न्हाई. मला कळाय पायजे हुतं."

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"कळून तरी कुठं ठेवणार होतात? दुसरी पेटी मागून मला दोन वर्षं झाली."

त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. शुक्रवारी शेवटचा मासा गेला. बाईंनी वहीत तारीख लिहिली आणि घरी गेल्या. सिद्धूनं पाणी गटारात सोडलं, टाकी ब्लीचिंग पावडरनं घासली. घासताना हातांची कातडी निघाली, तरी तो घासतच राहिला.

जूनमध्ये बाई आल्याच नाहीत. खंडाळ्याच्या शाळेत लागल्या, असं कारकुनाकडून कळलं. त्यांना एक कार्ड धाडावं असं सिद्धूच्या फार मनात होतं. कारकून लिहून द्यायला तयारही होता. पण काय लिहा म्हणून सांगायचं, ते त्याला सुचलं नाही.