बरझ्तमचं मूळ

मेकनेसच्या बाजारात माझं जडीबुटीचं दुकान आहे. बापामागे तीस वर्षं मीच चालवतोय. बरझ्तमच्या मुळाने गाठ मरते हे मला कुणी शिकवायला नको होतं. तरी पुतणी इब्तिसामचा प्रयोगशाळेतून फोन आला तेव्हा मी उडालोच.

"काका, तुमच्या मुळाचा अर्क कॅन्सरच्या पेशींवर टाकला. आपण होऊनच मरायला लागल्या हो! पण ऐका, शेजारच्या ताटलीत..."

ऐकतोय कोण! फोन ठेवला आणि अख्ख्या गल्लीला ओरडून सांगितलं.

माझ्या बायकोच्या, यामनाच्या, छातीत गाठ होती. हॉस्पिटलची चार इंजेक्शनं झाली होती, दोन राहिली होती. केस गेले, भुवया गेल्या. मी म्हटलं, बास झालं ते विष. उपाशीपोटी मधातून चमचाभर भुकटी, चाळीस दिवस. आमच्याकडे असंच देतात.

पंधराव्या दिवशी ती ओकायला लागली.

"अहो, नको ना. मला आपली ती सुईच द्या."

"गप गं! रोग बाहेर पडतोय."

तिने तोंड घट्ट मिटलं. मी गाल दाबून चमचा आत घातला. हो, घातला. खोटं कशाला बोलू?

तिसाव्या दिवशी लघवी बंद झाली, अंग सुजलं. मग नेली हॉस्पिटलात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ जवळजवळ विरघळलीय. त्या चार इंजेक्शनांनी छान काम केलं होतं. पण मूत्रपिंडं संपली. काय खायला घातलंत हिला?"

इब्तिसाम शेजारी रडत होती. "दुसऱ्या ताटलीत मूत्रपिंडाच्या पेशी होत्या, काका. त्या आधी मेल्या. किती फोन केले तुम्हाला!"

मी उचलले नव्हते. पोरगी नाट लावील म्हणून.

शुक्रवारी यामनाला पुरलं. सोमवारी दुकान उघडलं, तर पाव भाजणारी फत्तूमा धाकट्या बहिणीला घेऊन दारात उभी.

"अल्लालभाई, फार वाईट झालं. पण गाठ विरघळली होती ना हो? हिलाही तसलीच आहे."

"विरघळली होती."

"मुळाने?"

बहीण तरणीताठी होती, माझ्याकडेच बघत होती. 'नाही' म्हणावं म्हणून मी तोंड उघडलं. पण नाही म्हटलं असतं, तर यामनाला मीच मारलं हे त्या दोघींसमोर कबूल करावं लागलं असतं.

"मुळानेच," मी म्हणालो आणि पुडी बांधायला घेतली.