चष्मा विसरलो

"मुद्दाम करतायत ते, मिसेस रॉब्सन," वकीलबाई मिस हेस्लॉप म्हणाल्या. "तीन पत्रं गेली, फॉर्म काही येत नाही. ते जाणूनबुजून टाळतायत, असं या अर्जात लिहिलंय. सही करा. मग कोर्टाची नोटीस. तरी ऐकलं नाही तर तुरुंग."

ऑड्रीने पेन उचललं. घटस्फोटात कोर्टाने नॉर्मनच्या गोदीतल्या पेन्शनचा अर्धा वाटा तिला दिला होता. पण नॉर्मनचा फॉर्म आल्याशिवाय पेन्शनवाले एक पेनी हलवणार नव्हते. त्रेसष्टाव्या वर्षी शाळेच्या फरशा पुसून पुसून तिच्या गुडघ्यांनीच आता हात टेकले होते.

'जाणूनबुजून' या शब्दापाशी पेन अडलं.

लग्नाच्या आधी चहाच्या दुकानात नॉर्मनने पदार्थांची यादी तिच्यापुढे सरकवली होती. "तूच वाच. चष्मा विसरलोय." या माणसाला चष्मा नव्हताच, हे तिला महिन्याभराने कळलं. पहिल्या हिवाळ्यात तिने त्याला भिंतीला लावायच्या कागदाच्या उरलेल्या तुकड्यांवर सही गिरवायला शिकवली. जहाजाच्या पत्र्यावर केसासारखी सरळ वेल्डिंग करणारा हा गडी एका अक्षराने घामाघूम व्हायचा. सहीपलीकडे गाडी सरकली नाही. मग चौतीस वर्षं तीच वाचत राहिली. फुटबॉलचे निकाल, बहिणीची पत्रं, मुलीचं प्रगतिपुस्तक, तेही मार्क थोडे वाढवून. शेगडीपाशी पाय पसरून तो ऐकायचा आणि तिला आपण राणी आहोत असं वाटायचं. गोदीत कुणाला सुगावा नव्हता. पुढे ती वाचून वाचून थकली, एवढंच.

आता भर कोर्टात त्याला विचारतील, पत्रं का वाचली नाहीत म्हणून.

"दोन दिवस थांबा," ती म्हणाली.

"दया दाखवून फसाल हं."

"दया नाही हो," म्हणत ती उठली आणि बस पकडून थेट नदीकाठच्या त्याच्या खोलीवर गेली.

"तू होय? ये. चहा टाकतो," नॉर्मन म्हणाला.

शेगडीवरच्या फळीवर घड्याळामागे न फोडलेल्या पाकिटांची चळत होती, कडा जुळवून लावलेली.

"ही रे कसली?"

"बघणारच होतो. पण चष्मा..."

"सापडत नसेल," ऑड्री म्हणाली. स्वतःचा चष्मा लावून ती टेबलाशी बसली आणि सगळं मोठ्याने वाचलं. त्याचं निम्मं जाणार, ही ओळ तिने गाळली नाही.

"निम्मं?"

"निम्मं."

"म्हणजे कोर्टात म्हणाले तेच ना? मला वाटलं, आणखी काही काढलंस." तो खुर्चीत सैलावला. "तुझंच आहे ते. घे."

तिने फॉर्म भरला. जन्मतारीख, गोदीतला नंबर, काही विचारावं लागलं नाही. त्याने जीभ दातांत धरून सही केली. नॉर्मनमधल्या 'एन'ला नेहमीसारखा एक पाय जास्त आला.

पाकीट पर्समध्ये घालून ती निघाली. जिन्याच्या चार पायऱ्या उतरली असेल नसेल, तोच वरून हाक आली.

"ऑड्री, अगं, चष्मा विसरलीस."

तो शर्टाच्या टोकाने काचा पुसत उभा होता. इतक्या वर्षांत हे वाक्य पहिल्यांदाच खरं होतं. तिने चष्मा घेतला आणि डोळ्यांना न लावता, मुठीत धरूनच जिना उतरली.