जोडलेले तळवे

आमच्या मूर्तींच्या कारखान्यात काम चालू होतं, बोलणं बंद होतं. हे खिडकीशी, धाकटे भाऊजी भिंतीकडे तोंड करून, आणि मधे मी, फुकटची निरोप्या.

"त्याला सांग, पटाशी जागेवर ठेव."

"दादाला सांगा वहिनी, ठेवली."

वर्षभरापासून भाऊजींचं काम ओबडधोबड व्हायला लागलं होतं. चेहरे, बोटं, सगळं बारीक काम टाळायचे. हे त्यांना चारचौघांत कामचुकार म्हणाले आणि अबोला पडला. करुणेच्या बोधिसत्त्वाची ही लाकडी मूर्ती विहारात पोचली की वेगळं व्हायचं, असं ह्यांनी ठरवूनच टाकलं. करुणेची मूर्ती आणि घडवणारे हे दोघे. हसावं की रडावं, मला कळेना.

मूर्तीला चार हात. ते वेगळे कोरून मग खांद्याला बसवायचे. भाऊजी डावखुरे, म्हणून डावे त्यांच्याकडे, उजवे ह्यांच्याकडे. मागच्या हातांचं कसंही निभावतं, पण पुढचे दोन छातीशी जोडलेले. बसवून बघितले तर डावा तळवा उजव्यापेक्षा चांगलाच जाड. बोधिसत्त्व हात जोडतोय की टाळी वाजवतोय, तेच समजेना.

"त्याला सांग, याला आळस म्हणतात."

माझं डोकं फिरलं. "मी आता कुणाला काही सांगणार नाही. तुमचा उजवा पुढे करा, भाऊजींचा डावा. लावा तळव्याला तळवा, आणि बघा हात कसे जुळतात ते."

भाऊजी कां-कूं करायला लागले. मीच त्यांचं मनगट धरून हात ह्यांच्या हातावर टेकवला.

हे बघायला वाकले आणि तसेच थांबले. भाऊजींचा हात थरथरत होता. मला वाटलं, रागाने. हे मात्र तो हात लहानपणापासून ओळखत होते.

"कधीपासून?" ह्यांनी थेट त्यांनाच विचारलं.

"वर्ष झालं असेल. जास्त कापलं जाईल म्हणून लाकूड राखून ठेवतो, दादा."

"मग बोलला का नाहीस?"

"तू कामचुकार म्हणालास. म्हटलं, असू दे. कामचुकाराला निदान काम येत असतं."

ह्यांनी कितीतरी वेळ तो हात सोडला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलंही नाही. मग ह्यांनी मूर्तीचा डावा हात उतरवून भाऊजींच्या पुढ्यात ठेवला आणि शेजारी स्टूल ओढून बसले.

"तू धर, मी तासतो. कुठे थांबायचं ते तू सांग. हात तुझा आहे."