कव्हराखालचा डबा

मी डबा बोलतोय. दुकानात मला कॅबिनेट म्हणत. ते नाव मला मान्य नाही. चार बाजू, एक तळ, एक झाकण, आत पोकळी. याला डबा म्हणतात. माझ्या आत घरगुती वापराचा एक लहानसा कॉम्प्युटर राहतो. तो बिऱ्हाडकरू. घर मी.

माणसांबद्दल माझं मत चांगलं नाही. आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म कारखान्यातला. जाड ॲल्युमिनियमचा पत्रा यंत्राने कापला, दुमडला आणि डोक्यावर कंगव्याच्या दातांसारख्या उभ्या पट्ट्या काढल्या. त्या शोभेच्या नाहीत. आत बसणारा कॉम्प्युटर वीज थोडी खातो, म्हणून त्याला पंखा देत नाहीत. त्याची ऊब माझ्या अंगात उतरते आणि पट्ट्यांवरून हवेत जाते. एवढंच माझं काम. ते मी चोख करतो, फक्त डोकं उघडं हवं.

माल तपासणाऱ्या बाईने माझ्यावरून हात फिरवला. एक कोपरा तिला बोचला. तिने कानस घेतली, कोपरा घासला आणि पुढच्या डब्याकडे वळली. माझ्याशी नीट वागलेलं ते पहिलं माणूस. दुसरं भेटायला दोन वर्षं लागली.

ती दोन वर्षं दुकानाच्या फळीवर गेली. गिऱ्हाइकं यायची, कलिंगड बघावं तशी टिचकी मारायची आणि बोटांचे तेलकट ठसे ठेवून जायची. शेजारी काचेचा एक डबा होता, त्यात रंगीत दिवे. सगळे त्याच्यापुढे उभे राहायचे. आत काय बसेल, तापेल का, हे कोणी विचारत नसे. दिवे किती रंगांचे, हे विचारत. दुकानदार माझ्या डोक्यावर चहाचा कप ठेवायचा. त्याचं वर्तुळ अजून माझ्या अंगावर आहे. पुसून जात नाही. किळस येते.

मग एके दिवशी बापलेक आले. मुलाच्या एका हातात कॉम्प्युटरचा बोर्ड, दुसऱ्या हातात टेप. जे दिसेल ते मोजायचा. मी मनात त्याचं नाव मोजपट्टी ठेवलं. त्याने प्लास्टिकचा एक डबा उचलला, साबणाच्या डबीएवढा.

"बाबा, हा बघा. टेबलावर दिसणारही नाही."

म्हाताऱ्याने डबी उलटीसुलटी केली. "बोर्ड मोजलास. त्यात खुपसायची वायरची पिन मोजलीस का?"

मोजपट्टीने टेप खिशात घातली. पिन वायरसकट चार बोटं बाहेर येणार होती आणि तिला वळायला जागा नव्हती.

म्हाताऱ्याने मला खाली घेतलं. त्याने जन्मभर इमारतींत हवा खेळवणारे पत्र्याचे चौकोनी नळ बनवले होते. माझ्या घडीवरून त्याने अंगठ्याचं नख ओढलं. पट्ट्यांवर तळहात ठेवला. माझ्याकडे बघून तो माणूस हसला नाही की काही नाही.

"हा घे. याला श्वास घेता येतो."

अशी माझी निवड झाली. तेवढ्यापुरता मला माणसांचा राग आला नाही.

घरी गेल्यावर कळलं, मला कशासाठी आणलं. मोजपट्टीच्या आईच्या गळ्यात गाठ होती. पंधरा दिवसांनी ऑपरेशन. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गाठीबरोबर आवाजही जाणार. इकडे सुनेला सातवा महिना. नातवंडाला आजीचा आवाज कधीच ऐकू येणार नव्हता. म्हणून आईने गोष्टी सांगायच्या आणि माझ्या आतल्या कॉम्प्युटरने त्या साठवायच्या. तिला मोबाइलची कटकट नको होती. मुलाने माइक लावून दिला आणि एक लाल बटण. दाबलं की सुरू. कॉम्प्युटर सतत चालू राहणार होता, विजेचा खर्च नसल्यासारखाच.

मुलगा आणि सून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचे, रविवारी यायचे. गोष्टींची दुसरी प्रत पुढच्या रविवारी काढू, असं मोजपट्टी म्हणाला. पुढच्या रविवारीही तेच म्हणाला.

आता त्या घराबद्दल. त्या घरात उघडं काही नाही. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोटला प्लास्टिकची पिशवी. शिलाई मशीन घरातल्या बाईचं, मोजपट्टीच्या आईचं, आणि त्या मशीनला सर्वांत चांगलं कव्हर, झालरीचं. धुळीची एवढी भीती असलेलं घर मी पाहिलं नाही, आणि त्या कव्हरांखाली बोटभर धूळ.

दुसऱ्याच दिवशी बाईने माझं माप घेतलं. आत कापूस भरून, टाके घालून, निळ्या कापडाचं कव्हर शिवलं. चार कोपऱ्यांना चार गोंडे. गोंडे! मला घातलं आणि दोन पावलं मागे जाऊन बघत राहिली. वरून एक फुलदाणी ठेवली.

म्हातारा दारात उभा होता. त्याने सगळं पाहिलं. हवेचं काम चाळीस वर्षं केलेला माणूस, त्याला कळलं नाही असं होणार नाही. तो काही बोलला नाही. गाठ कळल्यापासून त्या घरात एक रीत पडली होती. बाईला कशालाच नाही म्हणायचं नाही. खीर मिट्ट गोड झाली तरी छान, पडदे बदलले तरी छान. सगळे तिला काचेच्या भांड्यासारखं जपत. मला त्या गोडपणाची शिसारी आली.

बाई रोज दुपारी बसायची, बटण दाबायची आणि गोष्ट सांगायची. आवाज घोगरा, पण सांगण्यात दम होता. कोल्हा बोलायचा तेव्हा कोल्हाच बोलायचा. मी खाली तापत होतो. ऊब वर यायची, कापसात अडकायची, परत माझ्याच अंगात शिरायची. कॉम्प्युटर मधेच बंद पडू लागला. मोजपट्टीने फोनवर वायरला दोष दिला. वायरमन आला, त्याने भिंतीतलं सॉकेट बदललं आणि फुलदाणी सरळ करून गेला. कव्हर उचलून मला हात लावायचं कोणाच्या मनात आलं नाही. मी दुसरं काय करणार? मी तापून सांगत होतो.

अकरा गोष्टी झाल्या. ऑपरेशन सोमवारी होतं. आदल्या शुक्रवारी माझ्या आतली, गोष्टी साठवणारी डिस्क गेली.

म्हाताऱ्याने मला काखेत मारून कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं, कव्हरासकट. दुरुस्तीवाल्याने कव्हर दोन बोटांनी उचललं, जसा मेलेला उंदीर उचलावा.

"काका, स्वेटर घालून याला भाजलंत की हो. हे कोणी केलं?"

"मीच," म्हातारा म्हणाला.

अकरांपैकी एकही गोष्ट निघाली नाही. नवी डिस्क बसवून, कव्हर पिशवीत कोंबून म्हातारा मला घरी घेऊन आला. डिस्क मुळातच खराब होती, असं त्याने बाईला सांगितलं. मोजपट्टी रविवारी आला, ऐकून मान खाली घालून बसला.

बाईने मला टेबलावर ठेवून घेतलं. एक दिवस उरला होता. सून, मुलगा, म्हातारा समोर बसले. तिने लाल बटण दाबलं, घसा साफ केला आणि माझ्याकडे बघितलं. मी उघडा होतो.

"अहो, कव्हर कुठंय?"

"असेल कुठेतरी."

"माझ्याकडे बघून सांगा. कव्हरामुळे गेलं ना?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं. "हो."

"पहिल्या दिवशी कळलं होतं तुम्हाला?"

"हो."

मग ती बाई जी सुटली! पाऊण तास. जन्मभर पत्रा ठोकलात आणि घरात तोंड उघडता येईना, असं म्हणाली. खिरीत साखर दुप्पट पडली होती, मला चव कळत नाही का, सगळे मिटक्या मारत होतात, असं म्हणाली. मुलाला म्हणाली, सगळं मोजतोस, दोन रविवार मोजता आले नाहीत. मलाही सोडलं नाही.

"आणि हा मेला डबा. एवढा तापला, तर सांगायला काय झालं होतं याला?"

सून आधी हसली, मग सगळेच हसले. म्हातारा डोळे पुसत हसत होता. शेवटी बाईचा आवाज फाटला. ती माइककडे झुकली.

"बाळा, मी अजून मेले नाहीये, तरी यांनी मला नाही म्हणायचं सोडलं. तू सोडू नकोस. आजीला नाही म्हणत जा."

पुढे आवाज उठलाच नाही. गोष्ट राहिलीच. लाल बटण मात्र चालू होतं.

याला वर्ष झालं. मोजपट्टीने त्याच दिवशी तीन प्रती काढल्या, कोणी न सांगता. नात रांगते. कोल्ह्याची गोष्ट तिला ठाऊक नाही. आजीचा राग तिला पाठ आहे. 'मेला डबा' आलं की ती खिदळते आणि ओल्या हाताने मला थोपटते. मला दिलेल्या शिव्या मीच राखतोय. असं काम कोणाच्या वाट्याला येऊ नये.

तुम्ही असा डबा घ्यायला जाल तेव्हा दिवे बघू नका. पिन मोजा. घडीवर नख ओढून बघा. घरी नेल्यावर त्याच्या डोक्यावर काही घालू नका, फुलदाणी तर नाहीच.

बाई आता पाटीवर लिहून बोलते. निळं कव्हर उसवून तिने नातीला दुपटं शिवलं. चहाच्या वर्तुळाशेजारी माझ्या पट्ट्यांवर ती येताजाता तळहात ठेवते, तापलोय का बघते, आणि जाते. तिची बोटं तेलकट असतात. मी काही म्हणत नाही.